‘इथे कोणी नाही’ सांगणारे नाक

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. भर पावसात निसरड्या पायवाटेने चढून गेलेल्या एनडीआरएफच्या जवानांना आणि स्थानिक गिर्यारोहकांना कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली, कारण पोकलेन वर नेण्याची सोयच नव्हती. २३ जुलैला शोधकार्य थांबवले तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसे बेपत्ता राहिली होती. त्याआधी २०१४मध्ये आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली, २०२१मध्ये महाड तालुक्यातल्या तळियेत ऐंशीहून अधिक. अशा प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच असतो: खणायचे कुठे? हातांनी माती उपसायची असते तेव्हा चुकीच्या जागी गेलेला एकेक तास कुणाच्या तरी जिवावर बेततो. हा प्रश्न थोडा तरी आवाक्यात आणणारे सगळ्यात जुने साधन म्हणजे कुत्र्याचे नाक. सरकारी दलांकडे असे कुत्रे आहेत, पण मोजके आहेत आणि ते लांबून यावे लागतात. म्हणून घराघरांत सोफ्याजवळ झोपणाऱ्या लॅब्राडॉरला किंवा दारातल्या गावठी कुत्र्याला हे काम शिकवता येईल का, याचा विचार गंभीरपणे करायला हवा.

माझे उत्तर ‘येईल’ असे आहे, पण त्याला एक मोठी अट आहे. शोधकुत्रा माणूस सापडला की भुंकतो, एवढे सर्वांना ठाऊक असते. प्रत्यक्षात त्याच्या कामाचा बहुतेक वेळ न भुंकता जातो. तो एखादी घळ, एखादा उतार, ढिगाऱ्याचा एखादा कोपरा हुंगतो आणि काहीही न सांगता पुढे सरकतो. त्या न भुंकण्यावर भरवसा ठेवून पथक आपली माणसे दुसरीकडे वळवते. म्हणजे कुत्र्याचे ‘आहे’ जितके मोलाचे, तितकेच त्याचे ‘नाही’ मोलाचे, आणि जखमीचा जीव अनेकदा त्या ‘नाही’वर अवलंबून असतो. पाळीव कुत्र्याला माणसाचा वास शोधायला शिकवणे फारसे अवघड नाही. त्याच्या ‘नाही’वर विश्वास टाकता येईल अशी जोडी घडवणे अवघड आहे, आणि ती अडचण कुत्र्याच्या नाकात नसून त्याच्या मालकात आणि मालकाशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे. जगभरच्या अनुभवाकडे आणि संशोधनाकडे पाहिले तर माझ्या मते हेच दिसते.

घरच्या कुत्र्यांनी हे काम करणे ही कल्पना मुळीच नवी नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९७१पासून काम करणारी ‘रेडॉग’ ही संस्था स्वयंसेवकांची आहे. कुत्रे त्यांच्या घरी राहतात, नोकरीधंदा सांभाळून सराव चालतो, आणि परदेशात भूकंप झाला की स्विस सरकारच्या बचावपथकाबरोबर याच जोड्या रवाना होतात. ब्रिटनमध्ये हेमिश मॅकिनस या गिर्यारोहकाने स्विस हिमस्खलन-कुत्र्यांचे प्रशिक्षण पाहून १९६०च्या दशकात स्कॉटलंडच्या ग्लेन्को भागात आपल्याच कुत्र्यांपासून सुरुवात केली, आणि त्यातून तिथली शोधकुत्र्यांची स्वयंसेवी चळवळ उभी राहिली. अमेरिकेत १९९५च्या ओक्लाहोमा सिटी स्फोटानंतर ढिगाऱ्यावर मर्फी नावाच्या आपल्या काळ्या लॅब्राडॉरसह उतरलेल्या विल्मा मेलव्हिल या निवृत्त क्रीडाशिक्षिका होत्या. प्रशिक्षित जोड्या देशात किती कमी आहेत हे तिथे त्यांच्या लक्षात आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शोधकुत्रे घडवणारी संस्था काढली. त्या संस्थेने निराधार कुत्र्यांच्या निवाऱ्यांतून कितीतरी कुत्रे उचलले. २००१मध्ये न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यावर काम केलेली ब्रेटन ही गोल्डन रिट्रीव्हर टेक्सासमधल्या एका स्वयंसेवी हँडलरच्या, म्हणजे शोधात कुत्रा हाताळणाऱ्याच्या, घरी वाढली होती. २०१६मध्ये ती वारली तेव्हा त्या शोधमोहिमेतली ती शेवटची ज्ञात हयात कुत्री होती. या सगळ्यांत एक समान धागा आहे. कुत्रा घरचा असला तरी कसोटी घरची नाही. परीक्षा घेणारे त्रयस्थ असतात आणि बोलावणे शासकीय यंत्रणेमार्फत येते.

आपल्या देशात याच्या उलट टोकाचे एक हृदयद्रावक उदाहरण आहे. ऑगस्ट २०२०मध्ये केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या पेट्टिमुडी इथे चहामळ्यातल्या कामगारांच्या चाळींवर दरड कोसळून सत्तर माणसे गेली. तिथल्या एका कुटुंबाची कुवी नावाची गावठी कुत्री कित्येक दिवस त्या परिसरात भटकत होती. आठवड्याभराने नदीच्या काठाशी तिने दिलेल्या ठिय्यामुळे बचावपथकाचे लक्ष गेले आणि त्या घरातल्या दोन वर्षांच्या मुलीचा मृतदेह सापडला. नंतर केरळ पोलिसांच्या श्वानपथकाने कुवीला काही महिने आपल्याकडे ठेवून प्रशिक्षण दिले. तिच्या गोष्टीतून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते: बिनप्रशिक्षित, बिनवंशावळीच्या कुत्र्याचे नाकही या कामाला पुरेसे असते. पण तिने शोधले ते तिच्या ओळखीचे मूल. तिने ज्या जागा ओलांडल्या तिथे बाकीच्यांपैकी कोणी होते की नव्हते, हे तिच्या वागण्यावरून कोणालाच ठरवता आले नसते. माया आणि ओळखीच्या वासाची ओढ यांतून सापडणे आणि अनोळखी माणसासाठी नेमून दिलेला पट्टा इंच इंच धुंडाळणे, यांत जे अंतर आहे ते भरून काढण्याचे नाव प्रशिक्षण.

नाकाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण कुत्रा काय करतो हे न कळणारा मालक त्याला चुकीचे शिकवतो. माणसाच्या अंगावरून त्वचेच्या मृत पेशी सतत झडत असतात. मिनिटाला तीस-चाळीस हजार असा अंदाज सांगितला जातो. त्यांच्याबरोबर घाम, श्वास आणि त्वचेवरचे जिवाणू यांचा मिळून बनलेला वास वाऱ्याबरोबर पुढे पुढे रुंदावत जातो. कुत्रा हुंगतो तेव्हा सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत ओढतो. त्यातला काही भाग श्वासाच्या मुख्य मार्गापासून वेगळा होऊन नाकाच्या मागच्या खास पोकळीत जातो, आणि सोडलेला श्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून बाहेर पडत असल्याने समोरचा ताजा वास विस्कटत नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या हेपर आणि वेल्स यांनी २००५मध्ये दाखवून दिले की माणूस कोणत्या दिशेने गेला हे ओळखायला कुत्र्याला पाच पावलांचा माग पुरतो. पोलिसांचे श्वान चपलेचा किंवा रुमालाचा वास घेऊन माग काढतात, तेव्हा हे कसब वापरतात. आपत्तीत मात्र बहुधा दुसरी पद्धत लागते. शेकडो लोकांनी तुडवलेल्या जमिनीवर विशिष्ट माणसाचा माग टिकत नाही. म्हणून कुत्र्याला मोकळे सोडून हवेतला कोणत्याही माणसाचा वास शोधायला लावतात. वाऱ्याला आडवा नागमोडी पळता पळता तो एका क्षणी गर्रकन मान वळवतो, शेपटी ताठ होते आणि तो वासाच्या उगमाकडे झेपावतो. हँडलरला हा क्षण लांबून ओळखता आला पाहिजे, आणि कड्याजवळ किंवा घळीत वारा कसा भोवरे घेतो हेही कळले पाहिजे. नाहीतर कुत्रा बरोबर बोलेल आणि माणूस चुकीचे ऐकेल.

आता प्रत्यक्ष शिकवणे कसे चालते ते जवळून पाहू. सुरुवात लपाछपीच्या खेळाने होते. मालक कुत्र्याचा पट्टा धरून उभा राहतो. कुत्र्याला फारसा परिचित नसलेला सहायक त्याचे आवडते दोरीचे खेळणे नाचवत वारा येतो त्या दिशेला पळत जातो आणि कारवीच्या झुडपामागे आडवा होतो. कुत्रा सुटतो, पोचतो, आणि सहायक त्याच्याशी मनसोक्त रस्सीखेच खेळतो. इथली कळीची गोष्ट म्हणजे बक्षीस मालक देत नाही, लपलेला माणूस देतो. कुत्र्याच्या मनात ‘अनोळखी लपलेला माणूस म्हणजे आनंद’ हे पक्के बसवायचे असते. मग सहायक कुत्र्याला न दिसता लपतो, पुढे कुत्रा येण्याआधीच लपून राहतो, त्यानंतर आडव्या पिंपात बसतो आणि झाकण लावून घेतो. कुत्रा पिंपापाशी घुटमळतो, झाकण ओरबाडतो, मागे वळून मालकाकडे पाहतो. कोणीच काही करत नाही. शेवटी वैतागून तो भुंकतो, आणि त्याच क्षणी झाकण उघडते. पुढच्या वेळी दोनदा भुंकल्यावर उघडते, नंतर पाचदा, नंतर अर्धा मिनिट सलग भुंकल्यावर. ढिगाऱ्याच्या आतल्या माणसापर्यंत पोचता येत नाही आणि हँडलर पन्नास मीटर मागे असतो, तेव्हा हेच चिकाटीचे भुंकणे जागा दाखवते. याला समांतर शिडीवरून चालणे, डळमळत्या फळ्या, सैल विटा, अंधारे पाइप, हाताच्या खुणेवर डावी-उजवीकडे वळणे, हाक मारताच परत फिरणे हे सगळे चालू असते. ढिगाऱ्यावर गळ्यातला पट्टा काढून ठेवतात, कारण तो सळईत अडकला तर कुत्र्याला फास बसतो. आठवड्यातले दोन-तीन सराव धरले तर घरच्या कुत्र्याला परीक्षेपर्यंत पोचायला साधारण दीड-दोन वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे सहायक म्हणून चिखलात पडून राहणारी मित्रमंडळीही लागतात. एकट्या मालकाला हे काम शिकवताच येत नाही.

इथपर्यंत हौस पुरते. यापुढे घरी शिकवणाऱ्यांची एक चूक जवळजवळ ठरलेली असते. प्रत्येक सरावात कोणीतरी लपवलेले असते, म्हणून कुत्रा शिकतो की प्रत्येक शोधाला उत्तर असतेच. मग रिकाम्या जागी सोडल्यावर तो काही वेळाने कंटाळून कुठेतरी भुंकतो, कारण भुंकले की खेळणे मिळते हा त्याचा अनुभव असतो. यावर उपाय म्हणजे सरावातच रिकामे शोध मिसळणे आणि न भुंकता काम संपवल्यावरही पुढच्या फेरीत त्याला माणूस सापडेल अशी सोय करणे. पण त्याहून खोल अडचण मालकाच्या मनातून येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. अमली पदार्थ किंवा स्फोटके शोधणाऱ्या १८ जोड्यांना काही खोल्या तपासायला सांगितल्या. खोल्यांत शोधायचा वास कुठेच नव्हता. हँडलरांना मात्र सांगितले होते की तो असू शकतो, आणि काही ठिकाणी लाल कागद चिकटवून ‘इथे असेल’ असे सुचवले होते. एकूण १४४ तपासण्यांपैकी फक्त २१ निर्दोष झाल्या. बाकी सगळ्यांत एक किंवा अधिक वेळा ‘सापडले’ असे नोंदले गेले, आणि लाल कागदाच्या जागा त्यात पुढे होत्या. या प्रयोगावर एक रास्त आक्षेप आहे: कुत्र्याने खरोखर खूण केली की हँडलरलाच तसे वाटले, हे त्यातून वेगळे करता येत नाही. पण ढिगाऱ्यावर उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम सारखाच आहे, तो चुकीच्या जागी खणतो.

पाळीव कुत्र्याच्या बाबतीत हा धोका वाढतो, असे मला वाटते, आणि याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. बुडापेस्टमधल्या संशोधकांनी २००३मध्ये दाखवले की खाऊ कुठे आहे हे हुंगून कळू शकत असतानाही बरेच कुत्रे मालकाने बोट दाखवलेल्या चुकीच्या भांड्याकडे जातात. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात, न सुटणारे कोडे समोर आले की कुत्रे माणसाच्या तोंडाकडे पाहतात आणि माणसांनी वाढवलेले लांडगे तसे फारसे करत नाहीत, हेही दिसले. गणिते सोडवतो म्हणून गाजलेल्या बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याचे गुपित विसाव्या शतकाच्या आरंभी असेच उघडे पडले होते. तो प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्यावरचा ताण वाचत होता. घरात वाढलेला कुत्रा तर दिवसभर आपल्या माणसाचे निरीक्षण करत असतो. मालकाचा श्वास रोखला गेला, पाऊल एका जागी रेंगाळले, आवाज किंचित चढला, की त्याला कळते. ही जवळीकच त्याला उत्तम सोबती बनवते, अंधाऱ्या पाइपात शिरायचे धैर्य देते, लांबून केलेली खूण समजायला मदत करते. तीच जवळीक त्याला नाकाऐवजी मालकाच्या मनाचा माग काढायला शिकवू शकते. म्हणून लपलेला माणूस कुठे आहे हे मालकाला माहीत नसणे, आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या परीक्षकालाही माहीत नसणे, ही अट सराव जरा रुळला की लगेच लागू व्हायला हवी. अमेरिकेच्या फेमा या आपत्तीसंस्थेच्या परीक्षेत दोन ढिगारे धुंडाळावे लागतात. किती माणसे लपली आहेत आणि कुठे, हे हँडलरला सांगितले जात नाही, आणि तीन वर्षांनी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. आपल्याकडे हौशी स्पर्धांत मालकाच्या डोळ्यांदेखत डबा लपवून कुत्र्याकडून शोधून घेतात. खेळ म्हणून ते छान आहे. पण त्या प्रमाणपत्रावर कोणाला दरडीच्या जागी पाठवू नये.

जिवंत आणि मृत, दोन्ही शोधणारा कुत्रा करावा का, हा प्रश्न मालक हमखास विचारतात. लिट आणि क्रॉफर्ड यांच्या २००६च्या अभ्यासात दोन्ही शिकवलेले कुत्रे जिवंत माणूस शोधण्याच्या कामात मागे पडले. विशेषतः परिसरात मृतदेहाचा वास असला की त्यांचा गोंधळ होत होता. दरडीच्या जागी तर तो वास असणारच. केरळ पोलिसांनी माया आणि मर्फी या मॅलिन्वा जातीच्या कुत्र्यांना मृतदेह शोधण्यासाठी वेगळे तयार केले आणि जुलै २०२४च्या वायनाडच्या दरड-दुर्घटनेत ते कामी आले. सरकारी दलाला असे स्वतंत्र कुत्रे ठेवणे परवडते. शिवाय त्या प्रशिक्षणासाठी मानवी अवशेष लागतात आणि ते खासगी माणसाच्या हाती देणे योग्यही नाही. घरच्या कुत्र्याने जिवंत माणसाच्या शोधापुरतेच राहावे, यात मला शंका वाटत नाही.

जातीचा आक्षेप त्यामानाने लवकर निकालात निघतो. नेथन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये पग, जर्मन शेफर्ड आणि ग्रेहाउंड यांची वास ओळखण्याची तुलना केली तेव्हा पग सरस ठरले. ग्रेहाउंडपैकी बहुतेकांनी कामात रसच घेतला नाही. चपट्या नाकाचा पग ढिगाऱ्यावर आणि उन्हात टिकणार नाही हे खरे, पण नाकाची ताकद जातीच्या नावावरून ठरत नाही एवढे यातून कळते. आपल्याकडचे कारवान आणि मुधोळ हे नजरेने शिकार करणारे हाउंड. तरीही त्यांच्यातला एखादा उंच गवतात फेकलेले खेळणे पाच-दहा मिनिटे हट्टाने शोधत राहत असेल तर त्याला संधी द्यावी, आणि परदेशी वंशावळीचा लॅब्राडॉर दोन मिनिटांत परत येऊन पायाशी बसत असेल तर त्याला घरीच सुखाने राहू द्यावे. शोधाची हाव, माणसांबद्दल निर्भय आपुलकी, आवाजाला न बिचकणे आणि इतर कुत्र्यांशी न भांडणे, ही पारख जातीपेक्षा महत्त्वाची.

सह्याद्रीची परिस्थिती मात्र खरी कठीण आहे आणि युरोपातली पद्धत इथे जशीच्या तशी चालणार नाही. धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात वीस मिनिटांतच त्याची कार्यक्षमता घसरते आणि त्यापुढे उष्माघाताचा धोका असतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने वास टिकतो, पण मुसळधार सरीत तो जमिनीलगत दबतो, आणि चिकट ओल्या मातीखाली तर वर येण्याची वाटच बंद होते. अशा वेळी पथके लोखंडी पहारीने भोके पाडून मातीला श्वास घ्यायला लावतात आणि मग कुत्रा फिरवतात. वास भेगांतून आणि झऱ्यांतून उताराकडे वाहत जाऊन भलतीकडे बाहेर येतो, म्हणून एका कुत्र्याच्या खुणेवर न थांबता ती जागा न दाखवता दुसरा कुत्रा आणून पडताळावे लागते. वाडीतल्या गोठ्यांत गाडलेली गुरे, विखुरलेले धान्य, भेदरलेली गावकुत्री ही सगळी विचलने सरावात आणावी लागतील. आंबेगाव-जुन्नरच्या पट्ट्यात बिबट्या कुत्र्यालाच भक्ष्य समजतो, फुरसे आणि घोणस दगडांतच असतात, लेप्टोची लस चुकवून चालत नाही. पण नीट पाहिले तर यातल्या बहुतेक अडचणी जास्त कुत्र्यांच्या बाजूने बोलतात. वीस मिनिटे काम आणि मग विश्रांती असा क्रम ठेवायचा, प्रत्येक खूण दुसऱ्या नाकाने तपासायची, तर एका ठिकाणी दोन-तीन कुत्रे कसे पुरणार? मार्च २०१४मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ओसो इथे चिखलाची दरड येऊन ४३ माणसे गेली. तिथे थकलेल्या, गारठलेल्या कुत्र्यांना मध्ये सक्तीची विश्रांती द्यावी लागली, आणि इतर साधनांच्या जोडीने चार महिने शोध चालवून सर्व ४३ जणांचे मृतदेह कुटुंबांना मिळाले. इर्शाळवाडीच्या ५७ बेपत्तांच्या कुटुंबीयांच्या नशिबी ते आले नाही. याचे कारण एकटे कुत्रे नव्हेत, तिथली वाट, पाऊस आणि उतारही होता. तरी शोध किती दिवस आणि किती नाकांनी चालवता येतो याला अर्थ आहे, एवढे नक्की.

ड्रोन आणि रडार आले आहेत, मग कुत्रा कशाला, असेही विचारले जाते. २०१५च्या नेपाळ भूकंपात नासाने विकसित केलेल्या ‘फाइंडर’ या उपकरणाने चौतारा इथे ढिगाऱ्याखालच्या चार पुरुषांच्या हृदयाचे ठोके ओळखले, हे मोठेच यश होते. पण वायनाडमध्ये रडारने श्वासाचा संकेत दिला, त्यावरून तासन्‌तास खणले आणि काही हाती लागले नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा मातीखालचे पाहत नाही आणि पावसाळ्यातल्या दाट झाडीतही फसतो. यंत्राची आणि कुत्र्याची चूक वेगवेगळ्या कारणांनी होते. म्हणूनच दोघांनी स्वतंत्रपणे एकाच जागेकडे बोट दाखवले तर तिथे खणण्याला बळ मिळते.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. आपत्तीच्या जागी आधीच बघ्यांची आणि उत्साही मदतनिसांची गर्दी होते. त्यात प्रत्येकजण आपला कुत्रा घेऊन आला तर? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्यावर उत्तर एकच, बोलावल्याशिवाय कोणी जायचे नाही. याला आपल्याकडे चांगला आधार आहे. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स अशा संस्थांना पोलीस आणि तहसीलदार वर्षानुवर्षे बोलावतात. दरीत उतरणारे दोरवाले स्वयंसेवक जर शिस्तीने यंत्रणेत सामावले गेले, तर नाकवालेही सामावतील. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहेच. तळेगावजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफच्या पाचव्या तुकडीचा तळ आहे, आणि याच दलाच्या ज्युली व रोमिओ यांनी फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कीत नुरदागी इथे ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी शोधायला मदत केली. परीक्षा घेण्याइतके ज्ञान हाकेच्या अंतरावर आहे.

कुत्र्याला धोक्यात घालण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या सिंथिया ओटो यांनी सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर न्यूयॉर्क आणि पेंटॅगॉन इथे राबलेल्या ९५ कुत्र्यांचा त्यांच्या मरणापर्यंत पाठपुरावा केला. तिथे न गेलेल्या शोधकुत्र्यांपेक्षा त्यांचे आयुष्य कमी झालेले आढळले नाही. घरच्या कुत्र्यांवर २०१९मध्ये झालेल्या एका प्रयोगात दोन आठवडे वास शोधण्याचा खेळ खेळलेले कुत्रे अनिश्चित प्रसंगात अधिक आशावादी वागले, शेजारी शिस्तीत चालणे शिकवलेल्यांत तो फरक दिसला नाही. म्हणजे प्रशिक्षण ही कुत्र्यासाठी शिक्षा नाही. पण पाय कापेल, उष्माघात होईल, हे धोके खरेच आहेत, आणि ज्या मालकाला दमलेल्या कुत्र्याला लोकांच्या डोळ्यांदेखत मागे घेण्याचे धैर्य नाही, त्याला या कामात घेऊ नये.

सुरुवात ढिगाऱ्यापासून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मे २०२२मध्ये लोणावळ्याच्या नागफणी परिसरात दिल्लीचा एक तरुण अभियंता वाट चुकला. फोनवरून त्याने तसे कळवलेही होते. चार दिवसांच्या शोधानंतर दरीत त्याचा मृतदेह मिळाला. रानात हरवलेल्या माणसाचा असा शोध हेच घरच्या कुत्र्याचे पहिले क्षेत्र आहे. परिसर मोठा, माणसे कमी, जमीन पायाखाली ढासळणारी नाही, आणि ‘या घळीत कोणी नाही’ हे खात्रीने सांगता आले तर पथकाचा अख्खा दिवस वाचतो. लोणावळा, मुळशी, महाबळेश्वर अशा दोन-तीन ठिकाणी बचावसंस्थांनी चार-पाच जोड्या घ्याव्यात, परीक्षक बाहेरून बोलवावेत, परीक्षेतल्या पट्ट्यांपैकी निदान तिसरा हिस्सा रिकामा ठेवावा आणि तो कोणता हे जागेवरच्या कोणालाही सांगू नये. रिकाम्या पट्ट्यात भुंकलेला कुत्रा त्या वर्षी नापास. प्रत्येक सरावाची वही ठेवावी, फसलेल्या शोधांसकट, आणि ती मागेल त्या अधिकाऱ्याला दाखवावी. दोन पावसाळे या वह्या टिकल्या, तरच त्या जोड्यांना एनडीआरएफच्या देखरेखीखाली सरावाच्या ढिगाऱ्यावर चढू द्यावे.